सकाळची पॅसेंजर

हेमराजने तिच्या हातात हिरवी झेंडी दिली आणि म्हणाला, "मंत्रीसाहेबांनी हलवली का तू बी हलवजो. अन् थोडी हासजो, उषाबाई. टीव्हीवाले आहेत."

उषाबाईने झेंडी घेतली. देवटोला स्टेशनच्या फलाटावर मांडव पडला होता. मांडवाखाली सोफे, आणि सोफ्यांवर राइस मिलवाले, ठेकेदार, कॉलेजांचे मालक. दोरीच्या पलीकडे, उन्हात, ट्रॅक्टरने आणलेल्या गावोगावच्या बाया जमिनीवर बसल्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या. फलाटाला बंद काचांची, चकचकीत नवी गाडी लागली होती. आजपासून ती देवटोल्याला दोन मिनिटं थांबणार होती. दिल्लीहून आलेले मंत्री तिला झेंडी दाखवणार होते, आणि मंचावर त्यांच्या शेजारी उभी करायला एक सामान्य प्रवासी महिला हवी होती. हेमराजने उषाबाईचं नाव दिलं होतं.

नाव चुकीचं नव्हतं. बावीस वर्षं ती याच फलाटावरून सकाळची पॅसेंजर धरून नागपूरला जात होती. डोक्यावर टोपली, टोपलीत कधी शिंगाडे, कधी लाखोरीची भाजी. गेल्या वर्षी ती पॅसेंजर बंद झाली. नव्या गाडीला रस्ता मोकळा पाहिजे, एवढंच वरून कळलं. उषाबाईचा धंदा बसला. नागपूरला धुणीभांडी करणाऱ्या कामिनीची चारही घरं सुटली. बायांनी तीनदा अर्ज केले, सह्या केल्या, अंगठे उठवले. तिन्ही अर्ज हेमराजच्याच हाती दिले होते, कारण पॅसेंजरला इथं थांबा मिळवून देणारा हेमराजच होता.

तेव्हा त्याच्या खांद्याला झोळी असायची. थांब्यासाठी तो रुळावर बसला होता, उषाबाईच्या शेजारी. गरीब-श्रीमंत सारे सारखे झाले पाहिजेत, असं घसा फाटेस्तोवर ओरडायचा. लाठ्या दोघांनीही खाल्ल्या. मग तो एका पक्षातून दुसऱ्यात गेला, दुसऱ्यातून तिसऱ्यात. झोळी गेली, दाराशी पांढरी मोटार आली. भाषणातला 'गरीब' हा शब्दही गेला. आता तो 'लाभार्थी' म्हणायचा.

"हेमराज," उषाबाई गाडीकडे बघत म्हणाली, "हिच्यात आपला डबा कोणता?"

"आपला म्हंजे?"

"टोपली घेऊन बसाचा. जनरल."

"हिच्यात जनरल नसते, बाई. सारी एसी आहे."

"मंग मी कायची प्रवासी?"

हेमराजने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आजच्या दिवस हो ना. फोटो निघू दे. पॅसेंजरचं मी मागून पाहतो."

मागून. तिन्ही अर्ज घेताना तो हेच बोलला होता.

मंत्र्यांचं भाषण झालं. ही गाडी बदलत्या देशाची आहे, या बहिणीची आहे, असं ते म्हणाले आणि त्यांनी उषाबाईकडे हात केला. सोफ्यांवरून टाळ्या पडल्या. बँड सुरू झाला. सिग्नल हिरवा झाला. मंत्र्यांनी झेंडी हलवली. इंजिनाने भोंगा दिला.

उषाबाईने आपली झेंडी सोफ्यावर ठेवली. मंचावरून उतरली आणि इंजिनाच्या पुढे, फलाटाच्या टोकाकडे चालू लागली. कोणी अडवलं नाही. आजची पाहुणी होती ती. गँगमन देवाजीची ती पोरगी. लहानपणी बापाचा डबा घेऊन रुळांच्या कडेनं मैलमैल चाललेली. येत्या गाडीशी बोलायचं कसं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ड्रायव्हरला दिसेल अशा जागी ती थांबली, वळली, आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच केले.

मंत्र्यांना वाटलं, बाई जयजयकार करते आहे. त्यांनी हात जोडले. कॅमेरे तिच्याकडे वळले.

गाडी हातभर सरकली आणि कचकन थांबली.

बँडला कळायला जरा वेळ लागला. मग तोही थांबला. हेमराज धोतर सावरत धावत आला.

"काय करून रायली तू? हात खाली घे!"

"नाई घेत."

"तुले पायजे तरी काय?"

"सकाळची पॅसेंजर. मागून नाई, आत्ता."

दोन महिला पोलीस आल्या. त्यांनी तिचे दंड धरले, ओढले. बावीस वर्षं डोक्यावरची टोपली धरलेले हात होते ते, खाली येईनात. "तुले आत टाकतील, उषाबाई," हेमराज कळवळून म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लाठ्या खाताना तू भेत नव्हता रे," एवढंच म्हणाली.

दोरीच्या पलीकडे कामिनी उभी राहिली. तिनं डोक्यावरची टोपी काढली, खाली टाकली आणि दोन्ही हात वर केले. तिच्यामागे करडी गावाकडची एक म्हातारी उठली. मग दुसरी. मग कोण कितवी ते कळेना. घोषणा नव्हती, आरडाओरडा नव्हता. नुसते हात.

मंत्र्यांचा अधिकारी घामाघूम होऊन इंजिनाच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. "सिग्नल हिरवा आहे! खुद्द मंत्र्यांनी झेंडी दाखवली! कोणाच्या हुकमानं थांबवली गाडी?"

खिडकीतून पिकल्या मिशांचा ड्रायव्हर बाहेर वाकला. त्यानं मंचाकडे पाहिलं, मग फलाटाच्या टोकाकडे.

"रुळाशी कोणी दोन्ही हात वर केले तर गाडी उभीच करा लागते, साहेब," तो म्हणाला. "हात मंत्र्याचे का भाजीवालीचे, हे आमच्या नियमात विचारत नाहीत."