एक पडला तरी

"एकाला पाड," बुद्धप्रिया म्हणाली. "कुणालाबी."

लातूरच्या तिच्या खोलीत चटईवर तीन लॅपटॉप उघडे होते. मांडीवरचं लेकरू दूध पिता पिता चार्जरची वायर मुठीत धरू बघत होतं. ती, अमरेश आणि व्यंकट, कॉलेजपासूनच्या या तिघा मित्रांना आज ठरवायचं होतं, त्यांच्या खेळाचा सर्व्हर कुठल्या संगणकभाषेत लिहायचा. खेळात चित्रं नव्हती, नुसते शब्द. 'उत्तरेला जा' लिहिलं की पुढची गल्ली, पुढची विहीर वाचायला मिळायची. ते सगळं गाव तिनं लिहिलेलं. नमुन्याचा सर्व्हरही तिचाच, लेकरू झोपेल तेवढ्या वेळात एलिक्सर नावाच्या भाषेत उभा केलेला. वसतिगृहातली पोरं आत्ता त्यावरच खेळत होती, तीही त्यांच्यात एक खेळाडू होती.

"जावास्क्रिप्टच घेऊ," अमरेश म्हणाला. "ती भाषा येणारी पोरं पायलीची पन्नास मिळतेत. तुझं एलिक्सर कुणाला येतंय इथं? तू लेकरात. सर्व्हर बसला तर उठवायचं कुणी?"

"बसतच न्हाई. प्रत्येक खेळाडू वेगळा चालतो. एक पडला तरी बाकीच्यांना पत्ता लागत न्हाई. पडलेल्याला सर्व्हर मागून नव्यानं उभा करतो. पाड की!"

"मग मॅडमलाच पाडू," व्यंकट हसला. तिनं सांगितलेली आज्ञा त्यानं टाइप केली.

बुद्धप्रिया गावात नाही, अशी ओळ उमटली. तिच्याखाली पोरांच्या गप्पा चालूच. कुणी विहिरीत उतरलं, कुणी कुणाचा बैल सोडून दिला. ती कुठं गेली, कुणी विचारलं नाही.

"बघितलं?" तिचा चेहरा फुलला.

"मानलं," अमरेश म्हणाला. "तुझीच भाषा घेऊ."

तिनं लेकराच्या टाळूवर ओठ टेकवले.

"एवढं आपोआप चालतंय," अमरेश पुढं म्हणाला, "तर नांदेडच्या नव्या ऑफिसात आम्ही दोघं बास की. भागीदारीबी दोघांच्याच नावानं करून टाकू. तू निवांत लेकरू सांभाळ."

"अमरेश, गाव मी लिहिलंय."

"लिहून झालंय की आता."

"एखाद्या विहिरीला तुझं नाव देऊ," व्यंकट म्हणाला आणि लॅपटॉप मिटून उठला.

दोघं जिना उतरले. लेकरू मांडीवरच झोपलं, वायर मुठीत तशीच. सर्व्हरनं तिला पुन्हा उभं केलं होतं. नव्या खेळाडूसाठी तिनंच लिहिलेल्या ओळी समोर आल्या:

तुम्ही गावाच्या वेशीबाहेर उभे आहात. तुमच्या हातात काही नाही.