न सांडलेलं पाणी

“पानी अर्धाच का वो, बाय? तुमच्यात पाव्हन्याला भरला पेला देत न्हाय का?”

मीराबाईनं विचारलं आणि तुळजाबाई ओशाळल्या. डॉक्टर केसरीनाथ तरे यांच्या घरात पेला काठोकाठ भरायचा नाही, हा नियमच होता. एकाहत्तरची लढाई संपली, फौजेतली नोकरी सोडून डॉक्टर भिवंडीत परतले, घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मनाच्या आजारांचा दवाखाना काढला, तेव्हापासूनचा. का, ते तुळजाबाईंनी कधी विचारलं नाही. दोन्ही मुलींच्या वेण्या डॉक्टर स्वतः घालतात म्हणून आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. असा नवरा मिळाल्यावर अर्ध्या पेल्याचं काय घेऊन बसायचं?

शुक्रवारची सुट्टी होती, आळीतले कापडाचे लूम बंद. एरवी त्या खडखडाटात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज घड्याळसुद्धा मोठ्यानं वाजत होतं.

मीराबाई खारबावच्या पलीकडून मुलाला घेऊन आली होती. सोमा फौजेतून घरी पाठवलेला. गुडघे जुळवून स्टुलावर बसला होता आणि पेल्याकडे बघत होता.

“एक चिठ्ठी द्या, सायब,” मीराबाई म्हणाली. “ठान्याला येड्यांच्या इस्पितलात याला घेतील अशी. सोमा मारत न्हाय, शिव्या देत न्हाय. पन पानी वततो. हातात पेला आला का पयला अर्धा भुईवर, मंग पितो. मी कोसावरनं हंडा आनते, सायब. आमची हयात पान्यासाठी भांडन्यात गेली. परवा बारशाला भावकीनं पानी दिला, तो त्यांच्याच दारात वतला. आता गाव म्हनतो, बांधून ठेव न्हायतर धाडून दे.”

डॉक्टरांनी कागद ओढला. ‘सदर इसम’ एवढं लिहून झालं, आणि मीराबाई एकदम किंचाळली.

“आगो बाय!”

सोमा पाणी प्याला होता. सगळं. खाली थेंब नव्हता.

“तीन वर्सांत पयल्यांदा! अर्धाच द्याचा, ह्ये तुमाला कसा कलला, सायब? द्येवमानूस हाव तुमी!” ती त्यांच्या पायांकडे वाकली.

डॉक्टरांनी पाय मागे घेतले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्यांच्या मनात भरदुपारी पडलं होतं.

“पाणी का ओततोस, सोमा?”

“भरलेला पेला न सांडता नेला तं फुडं धाडतात,” सोमा म्हणाला. पाऊस येणार आहे, हे सांगावं तसं.

कुठे धाडतात, हे डॉक्टरांना विचारावं लागलं नाही. आघाडीमागच्या ज्या तंबूत तो पेला हातात दिला जायचा, तो तंबू त्यांचाच होता. तोफांनी हादरलेल्या जवानांची रांग तंबूबाहेर लागायची आणि वरून हुकूम होता, उभा राहू शकेल त्याला आघाडीवर परत पाठवा. एकेकाला बसवून तपासायला वेळ नव्हता. तेव्हा कॅप्टन तरे यांनीच ही युक्ती काढली. काठोकाठ भरलेला पेला घेऊन तंबूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. सांडला तर अनफिट, घरी जा. नाही सांडला तर फिट, खाली सही. युक्तीचं कौतुकही झालं होतं. दहाजणांदेखत कोणता शिपाई पाणी सांडेल? ती परीक्षा धीराची नव्हती, लाजेची होती, हे डॉक्टरांच्या फार उशिरा ध्यानात आलं.

“तुझ्याबरोबर किती जण होते?”

“आठ. कुनीच सांडला न्हाय.” सोमानं रिकामा पेला टेबलावर ठेवला. “मी येकला आलो.”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

“ही चिठ्ठी मी देणार नाही, मीराबाई. माझी एक सही याला पुरी झाली. तंबूतला तो डॉक्टर मीच होतो.”

त्यांच्या पायांकडे गेलेला हात मीराबाईनं सावकाश पदराला पुसला. आतल्या दारात तुळजाबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे दोन मुली, घट्ट वेण्यांच्या. आपला बाप असा पांढरा का पडला, ते त्यांना कळेना.

सोमा उठला. कोपऱ्यातल्या माठातून त्यानं पेला भरला, अगदी काठोकाठ, आणि टेबलापर्यंत आणला. थेंब सांडला नाही. तो त्यानं डॉक्टरांच्या हातात दिला आणि आतल्या दाराशी जाऊन ताठ उभा राहिला.

“चला, सायब. हितपत्तूर.”

सात पावलांची खोली. दुसऱ्याच पावलाला पाणी डॉक्टरांच्या मनगटावर आलं. तिसऱ्याला बाही भिजली. त्यांनी दुसरा हात लावला, दात आवळले, पण पेला ऐकेना. तुळजाबाई पुढे झाल्या, तसा सोमानं नुसता हात आडवा केला. डॉक्टर दाराशी पोचले तेव्हा पेल्यात घोटभरही उरलं नव्हतं.

सोमानं पेल्यात डोकावून बघितलं. मग पेला त्यांच्या बोटांतून अलगद सोडवून घेतला.

“अनफिट,” तो हळूच म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. “जावा, सायब. घरी जावा आता.”