लोढणं

खाणीतली पाळी संपवून कवडू तसाच काळ्या हातांनी मिशनच्या शाळेत शिरला. पिंटूच्या गळ्यात सकाळपासून लाकडी पाटी लटकत होती. जो मराठी बोलेल त्याने ती घालायची आणि दुसरा बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात टाकायची, ही शाळेची जुनी परंपरा.

"माह्या पोराच्या गळ्यात ढोरावानी लोढणं कायले बांधलं?" कवडू गरजला.

"ट्रॅडिशन! अँड इंग्लिश, प्लीज!" फादर ऑगस्टीन म्हणाले. तेही कवडूसारखेच लाखांदूरचे, याच शाळेत शिकलेले.

"घरी मायसंगही इंग्रजीतच बोलता का जी?"

फादर ताडकन उठले. "माह्या मायचं नाव काहून घेऊन राहिला बे?"



कवडूने पिंटूच्या गळ्यातली पाटी काढली आणि फादरांच्या गळ्यात, पांढऱ्याशुभ्र झग्यावर अडकवली.