स्कायलॅब आणि तांब्याचा हंडा

शेजारच्या सोजरबाईच्या ओट्यावर आपल्या घरचा तांब्याचा हंडा पाहून हिंदुराव सायकलवरून उतरले. काठावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं, तेव्हा चूक व्हायचा प्रश्नच नव्हता.

घरात शिरताच त्यांनी बायकोला विचारलं. कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "स्कायलॅब पडणार म्हणत्यात. भांडी साठवून काय करायचं?"

हिंदुराव पोट धरून हसले. आपल्यावर पडलं तर सोजरबाई तरी कुठली वाचते, दोन घरांत भिंत एकच, असं त्यांनी समजावलं. कौशल्याबाई तांदूळ निवडत राहिल्या.

एकोणऐंशीचा जुलै. संत तुकाराम नगरात दुसरा विषयच नव्हता. कुणी पाळलेल्या कोंबड्या कापून खाऊन टाकल्या, कुणी रजा टाकून गावाकडं पळालं. हिंदुरावांना मात्र हे दिवस सणासारखे होते. कंपनीच्या टूलरूममध्ये केसाएवढा फरक धरणारा हा माणूस, वर्तमानपत्रातला विज्ञानाचा रकाना पाठ करायचा आणि नळावर उभा राहून सगळ्यांना शिकवायचा. त्याच आठवड्यात दुसरं एक यान गुरू ग्रहाजवळून गेलं, पण त्याची चौकशी कुणी केली नाही. ते कुणाच्या डोक्यावर पडणार नव्हतं.

घरीही तेच. जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, की स्कायलॅब म्हणजे सूर्याचा अभ्यास करायला वर पाठवलेलं घर. माणसं तिथं राहून आली, सूर्याचे हजारो फोटो काढून आली. आता ते रिकामं आहे. मध्यंतरी सूर्यच खवळला, वरची हवा तापून फुगली आणि यानाला घासू लागली. ज्याला बघायला गेलं, त्यानंच खाली ओढलं.

"कवा पडणार, नक्की सांगता येतं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"दिवस आणि वेळ नाही सांगता येत. पडणार हे नक्की."

"आसंच आसतंय," त्या म्हणाल्या आणि अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवली.

भीतीनं बाई पार वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. दोन महिन्यांपासून दर गुरुवारी ती सोजरबाईबरोबर देहूला जायची. सोजरबाई पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आया होती आणि गुरुवारी तिला सुट्टी असायची. ती बुद्धवंदना करणारी बाई, हिच्यासाठी तुकोबांच्या दारी जाते, याचं हिंदुरावांना कौतुकच वाटायचं. कौशल्याबाई परत यायच्या त्या पांढऱ्याफटक पडून, येताच अंथरूण धरायच्या. एसटीचे धक्के, दुसरं काय.

हल्ली तर तिनं त्यांना स्टोव्ह पेटवायला आणि वरणाला फोडणी द्यायलाही शिकवायला घेतलं होतं. कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणायची, मी नसले तर उपाशी ऱ्हाल. एवढं मोठं यान, दोघं बरोबरच जाऊ, असं ते म्हणाले.

"सूर्यावरचे डाग दिसत्यात तुमाला," ती हसली. "मिठाचा डबा कुठं हाय, त्यो दिसत न्हाई."

मंगळवारी संध्याकाळी मात्र ती रडली. "कस्तुराला एकदा आणा. ते पडायच्या आत."

चार वर्षांपूर्वी मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा ती मला मेली असं हिंदुराव भरल्या घरात बोलले होते. शब्द परत घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण ही बाई लग्नापासून कधी काही मागून रडली नव्हती. वेडीची भीती जाईल तर जाऊ दे, असं त्यांनी मनाला पटवलं.

बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर ते तळेगावला गेले. कस्तुरानं दार उघडलं. तिच्या पदराआडून न पाहिलेली नात डोकावत होती. हिंदुरावांनी वाटेत कितीतरी गोष्टी जुळवल्या होत्या. बाहेर आलं ते एवढंच, "आईला स्कायलॅबची भीती वाटते. चल."

त्या संध्याकाळी कौशल्याबाईंनी नातीच्या डोक्याला तेल लावलं, लेकीला समोर बसवून जेवायला वाढलं, आणि जेवताना तिच्या पाठीवरचा हात काढलाच नाही. हिंदुराव कोपऱ्यात बसून पाहत होते. फार दिवसांनी त्यांना आपलं घर भरल्यासारखं वाटलं. स्कायलॅबचे उपकारच म्हणायचे.

सकाळी रेडिओनं सांगितलं. स्कायलॅब समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड रानात पडलं, कुणाला खरचटलंही नाही. हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

"लई बरं झालं," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या नातीची वेणी घालत होत्या. पेड पुन्हा पुन्हा सुटत होता.

आता हिची भीती मुळासकट घालवायची, असं ठरवून हिंदुराव शेजारी गेले. सोजरबाई धुवट लुगडं नेसून, पिशवी घेऊन निघायच्या बेतात होती.

"सोजरबाई, संकट टळलं. हंडा घेऊन जातो," ते हसत म्हणाले. "आणि आजच्या गुरुवारी देहू राहू द्या. लेक आलीय घरी."

सोजरबाई जागची हलली नाही. तिनं हंड्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, आणि पदर तोंडाशी धरून हळूहळू खाली उंबऱ्यावर बसली.

"भाऊ, आजचा गुरुवार चुकवून चालायचं न्हाई," ती म्हणाली. "मी तिला आमच्या दवाखान्यात नेते. देहूला आमी एकदाबी गेलो न्हाई."