अंगठ्याखालची नाडी

"नाडी लागतेय का गं?" घाटातलं वळण घेता घेता बाबांनी मागे वळून विचारलं. जीपच्या मागच्या सीटवर आत्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून निपचित पडली होती. तिचं मनगट मी घट्ट धरलं होतं.

"लागतेय! मिनिटाला एकशे बारा!" मी ओरडले. नर्सिंगला जाऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते, पण घरात नाडी बघता येणारी मी एकटीच. बाबांनी वेग वाढवला. समोरून एसटी आली आणि आमची जीप कठड्याला घासून गेली. "अक्का, पोचलोच बघ," ते बडबडत होते.

तेवढ्यात माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. मी अंगठ्याने नाडी बघत होते. वर्गात याच चुकीसाठी मॅडमनी माझ्या बोटांवर पेन मारलं होतं. "अंगठ्यात आपलीच नाडी उडते. तू पेशंटचे नाही, स्वतःचे ठोके मोजतेयस!"

मी अंगठा काढला. दोन बोटं टेकवली, सरकवली, दाबली. काहीच नाही. गळ्याशी चाचपलं, छातीला कान लावला. तिथेही काही नाही. तिचा हात कधीचा गार पडला होता.

"बोल ना! लागतेय का?" बाबा पुन्हा पूर्ण मागे वळले. पुढे वळण होतं, खाली दरी.

मी अंगठा परत आत्याच्या मनगटावर ठेवला. ठोके धडाधड पडत होते.

"लागतेय, बाबा," मी म्हणाले. "आता गाडी सावकाश चालवा."