बिनमाराची शिक्षा

"या दोघांपैकी दुखतंय कुणाला, सांगा बघू," डॉक्टरबाईंनी विचारलं.

शहापूरच्या सभागृहात अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण चाललं होतं. वयात येणाऱ्या मुलींशी कसं वागावं, हा विषय. पडद्यावर मेंदूची दोन चित्रं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत लाल डाग जवळपास एकाच जागी.

भागीरथी पहिल्याच रांगेत होती. शेणव्याच्या अंगणवाडीत तिचे केस पिकले होते. "डावीकडच्याला," ती म्हणाली.

"दोघांनाही," बाई म्हणाल्या. "डावीकडच्याला चटका बसलाय. उजवीकडच्या मुलीला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. तिला फक्त खेळातून बाहेर काढलंय. तिच्याशी कुणी बोलत नाही. मेंदूला दोन्हीचं दुखणं बरंचसं सारखंच. आणि या वयात ते फार खोल लागतं. आपण मात्र म्हणतो, मी कुठं मारलं?"

बाकीच्या बायका लिहून घेत होत्या. भागीरथीचा हात थांबला.

तिची लेक अपेक्षा नववीत होती तेव्हाची गोष्ट. एसटीच्या थांब्यावर एका मुलाशी हसत बोलताना कुणीतरी तिला पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. बापानं, रघूनं, काठी उचलली. भागीरथी मधे उभी राहिली. "पोरीला हात लावायचा नाय," ती म्हणाली. काठी खाली गेली. त्या दिवसापासून भागीरथीनं अबोला धरला.

ती पोरीला वेळेवर वाढायची. वेण्या घालायची. गणवेश धुवायची. शब्द मात्र नाही. अपेक्षा आधी फणकारली, मग रडली. एकदा चुलीपाशी येऊन तिनं आईचे पाय धरले. "आये, मार गो मला. पण बोल." भागीरथीनं पाय सोडवून घेतले आणि भाकरी उलटली. होळीला धरलेला अबोला गणपतीत सुटला.

पुढं आवाज चढवायची गरजच पडली नाही. भागीरथीनं नुसते ओठ मिटले की पोर जागच्या जागी थिजायची. उलटून बोलणं बंद झालं, थांब्यावर रेंगाळणं बंद झालं. सांगितलं तिथं मान खाली घालून लग्नालाही उभी राहिली. भागीरथी गावातल्या आयांना अभिमानानं सांगायची, "आमच्यात मार नाय. तरी पोरगी कशी वळणात हाय बघा."

चहाची सुट्टी झाली. भागीरथी चहाला थांबली नाही. तिनं पिशवी उचलली आणि वाशिंदची जीप धरली. अपेक्षा तिथंच राहायची, नव्या इमारतीत, नवरा आणि पाच वर्षांच्या कुणालीसोबत. वाटेत भागीरथी मनाशी शब्द जुळवत होती. पोर चिडेल, रडेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. तेही ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं.

अपेक्षानं दार उघडलं. "आये? फोन पण नाय केलास?"

भागीरथी पाण्यालाही थांबली नाही. "अपेक्षा, तू नववीत असताना मी तुझ्याशी बोलले नाय. माझं लय चुकलं गो."

अपेक्षा हसली. "कायतरीच तुझं! एवढं काय त्यात? त्याच्यामुळंच तर मी सुधारले." आणि चहा टाकायला आत गेली.

भागीरथी खुर्चीत टेकली. रागाची तयारी होती तिची. या हसण्याचं काय करावं, ते तिला कळेना.

तेवढ्यात तिला कुणाली दिसली. एरवी आजीच्या चपला वाजल्या की धावत येणारी पोर गॅलरीच्या दारापाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शाळेचा गणवेश अजून अंगावरच. गुडघ्यावर शाईचा मोठा डाग.

"कुणाली, ये गो बाय."

कुणाली उठली नाही. तिनं स्वयंपाकघराकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

भागीरथी उठून तिच्याजवळ गेली, फरशीवर बसली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "काय झालं? आई रागावली? मारलं तुला?"

कुणालीनं मान हलवली. नाही. आत कप वाजले तशी ती दचकली. मग आजीच्या कानाला तोंड लावून कुजबुजली,

"आजी, माझ्याशी बोलू नको. नायतर आई तुझ्याशी पण नाय बोलणार."