हक्काचा विनोद

नवऱ्याचं घोरणं हा घरातला हक्काचा विनोद होता. एका दुपारी दिराने झोपलेल्या भावाचा व्हिडिओच काढला. घोरणं मध्येच थांबलं तसा तो ओरडला, "दादाचं इंजिन बंद पडलं!" सगळे पोट धरून हसले.

"भाऊजी, श्वास अडकतोय ह्यांचा. डॉक्टरांना दाखवू या," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही कानात बोळे घाला!"

आज हृदयविकाराच्या वॉर्डबाहेर डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत श्वास थांबायचा का? वर्षानुवर्षं असं झालं, तर हृदयावर ताण येतो."

"छे! आम्हाला तर काहीच कल्पना नाही," दीर म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तोच व्हिडिओ लावून मोबाइल डॉक्टरांपुढे धरला.

"भाऊजी जिथे सगळ्यात मोठ्याने हसतायत ना, तिथे ह्यांचा श्वास थांबलाय."